छोटा कॅम्पर ट्रेलर ओढण्याची सुरुवात: भुईकाट्यापासून पहिल्या मुक्कामापर्यंत

ठाणे-नवी मुंबईत ‘ट्रेलर’ म्हटले की न्हावा शेव्याच्या बंदराकडे निघालेली कंटेनरची लांबलचक गाडी डोळ्यांसमोर येते. येथे ज्याविषयी लिहीत आहे तो ट्रेलर त्या मानाने फारच लहान आहे: एक ॲक्सल, दोन चाके, आत दोन माणसे झोपतील एवढी गादी, मागची फळी उघडली की तयार होणारे स्वयंपाकघर आणि रिकामे वजन साधारण चारशे ते पाचशे किलो. असा ट्रेलर आपल्याच मोटारीला जोडून दोन रात्रींसाठी शहापूरकडे किंवा अलिबागकडे जाणे अवघड नाही. परंतु बहुतेक नवशिके पडदे, दिवे आणि शेगडी यांचा विचार आधी करतात आणि वजनाचा विचार शेवटी करतात, किंवा करतच नाहीत. चार हिवाळे ट्रेलर ओढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, रस्त्यावर येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण ‘वजन किती आहे’ आणि ‘ते कोठे ठेवले आहे’ या दोन प्रश्नांपाशी येऊन थांबते. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा वजनाला दिली आहे.

मोटार आणि टो बार

ट्रेलर पाहायला जाण्यापूर्वी स्वतःच्या मोटारीची निर्मात्याने दिलेली पुस्तिका काढावी. तीत ट्रेलर ओढण्याविषयी स्वतंत्र मजकूर असतो. काही मोटारींसाठी ओढण्याची कमाल मर्यादा किलोमध्ये दिलेली असते, ब्रेक असलेल्या आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी ती वेगवेगळी असते, आणि काही मोटारींच्या बाबतीत ‘ट्रेलर ओढू नये’ असे स्पष्ट लिहिलेले असते. तसे लिहिले असेल तर तेथेच थांबावे. इंजिनात ताकद आहे म्हणून गाडी ओढेल, हा युक्तिवाद अपुरा आहे, कारण खरा प्रश्न ओढण्याचा नसून थांबवण्याचा, क्लच तापण्याचा आणि मागील सांगाड्यावर येणाऱ्या ताणाचा असतो.

बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर यांसारख्या गाड्यांना खाली स्वतंत्र शिडीसारखी चासी असते, त्यामुळे टो बार, म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी मोटारीच्या मागे बसवायचा लोखंडी दांडा, थेट चासीला बोल्टने पक्का बसवता येतो. ज्या गाड्यांचा सांगाडा आणि बॉडी एकसंध असते त्यांनाही टो बार बसतो, मात्र तो त्या मॉडेलसाठीच घडवलेला आणि निर्मात्याने ठरवलेल्या जागी बसणारा हवा. कोणत्याही परिस्थितीत तो बंपरला किंवा गाडी ओढून नेण्यासाठी दिलेल्या कडीला जोडलेला नसावा. माझा पहिला टो बार एका वर्कशॉपने वेल्डिंग करून दिला होता. दुसऱ्या सहलीनंतर जोडाच्या कडेला केसाएवढी चीर दिसली. ती वेळेवर दिसली म्हणून निभावले. तेव्हापासून मी बोल्टने बसणाराच टो बार वापरतो आणि प्रत्येक सहलीपूर्वी टॉर्च लावून त्याच्या सांध्यांची तपासणी करतो.

नवशिक्यासाठी ब्रिटनमध्ये रूढ असलेला एक नियम आपल्याकडेही उपयोगी पडतो: सामानासह ट्रेलरचे वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, आणि पुस्तिकेतील मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच अंतिम मानावी. सोळाशे किलोच्या गाडीमागे सहाशे किलोचा ट्रेलर असेल तर हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्याही खाली राहते, आणि घाट ओलांडायचे असतील तर सुरुवातीला याच टप्प्यात राहणे बरे. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालते. मात्र आपल्या घाटांचा विचार करता सहाशे किलोच्या ट्रेलरलाही ब्रेक असावेत, असे मला मनापासून वाटते. छोट्या ट्रेलरवर सहसा ‘ओव्हररन’ पद्धतीचे ब्रेक असतात. मोटारीने ब्रेक लावला की ट्रेलर पुढे रेटला जातो, ड्रॉबारवरील (ट्रेलरच्या पुढच्या जोडदांड्यावरील) सरकता दांडा आत दबतो आणि त्याच दाबाने तार ओढली जाऊन ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. यात वीज लागत नाही, वेगळी कळ लागत नाही, आणि म्हणूनच ही रचना भरवशाची आहे.

कागदपत्रे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे. म्हणजे इंजिन नसले तरी ट्रेलरला स्वतंत्र नोंदणी लागते. याच अधिनियमाच्या कलम ६१ नुसार ट्रेलरचा स्वतःचा क्रमांक त्याच्या बाजूवर लावावा लागतो आणि ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांक ट्रेलरच्या मागे दिसावा लागतो, कारण मोटारीची मागची पाटी ट्रेलरमुळे झाकली जाते. ही दुसरी पाटी लावायची अनेक जण विसरतात.

खरेदी करताना विक्री प्रमाणपत्र म्हणजे नमुना २१ आणि निर्मात्याचे रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र म्हणजे नमुना २२ मिळणार आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. नोंदणीचा अर्ज नमुना २० मध्ये करावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाच्या प्रोटोटाइपची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून झालेली असावी लागते. त्यामुळे एखाद्या शेडमध्ये हौसेने बनवलेला, दिसायला देखणा पण कागद नसलेला ट्रेलर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. ठाण्यातील रहिवाशांचे आरटीओ एमएच-०४, वाशीचे एमएच-४३ आणि पनवेलचे एमएच-४६. आपल्या कार्यालयात जाऊन ट्रेलरची नोंदणी आणि टो बारची नोंद याविषयी आधी विचारणा करावी. विमा कंपनीकडूनही ट्रेलर जोडलेला असताना तृतीय पक्षाचे संरक्षण लागू राहते का, याचे उत्तर लेखी घ्यावे.

भुईकाटा

आता मुख्य विषयाकडे येऊ. ट्रेलरवरील निर्मात्याच्या माहितीपाटीवर दोन आकडे असतात: रिकामे वजन आणि कमाल वजन. समजा, रिकामे वजन ४२० किलो आणि कमाल ६०० किलो आहे, तर आपल्या वाट्याला १८० किलो आले. हा आकडा मोठा वाटतो, परंतु हिशेब मांडला की तो पाहता पाहता संपतो. शंभर अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी ३० किलो, चाळीस लिटर पाणी ४० किलो, पाच किलोचा गॅस सिलिंडर आणि शेगडी मिळून १६ किलो, ताडपत्रीचा मांडव आणि काठ्या १५ किलो, भांडी १२, शिधा १५, टेबल-खुर्च्या १५ आणि कपडे-अंथरूण २० किलो. बेरीज १६३ किलो होते आणि शिल्लक उरतात फक्त १७ किलो. यात ट्रेलरचे सुटे चाक, जॅक आणि हत्यारे अजून धरलेली नाहीत. आमच्याकडे पहिल्या वर्षी खलबत्ता आणि बिडाचा तवासुद्धा बरोबर जात असे. काट्यावर आकडा पाहिल्यावर दोन्ही घरी राहिले.

म्हणून प्रवासाला निघताना जसा भरतो तसाच ट्रेलर भरून, पाण्याच्या टाकीसह, भुईकाट्यावर, म्हणजे मालट्रक तोलण्याच्या जमिनीतील काट्यावर, न्यावा. नवी मुंबईत यासाठी फार हिंडावे लागत नाही; कळंबोलीचा पोलाद बाजार, तळोजा एमआयडीसी आणि तुर्भे या भागांत असे काटे आहेत. सकाळी लवकर, मालट्रकांची रांग लागण्यापूर्वी जावे आणि काटेवाल्याला आधीच सांगावे की तीन वजने घ्यायची आहेत. प्रथम फक्त मोटार काट्यावर घ्यावी. नंतर मोटार आणि ट्रेलर दोन्ही जोडलेल्या स्थितीत घ्यावेत. शेवटी मोटार पुढे नेऊन ट्रेलरची फक्त चाके काट्यावर राहतील असे उभे करावे. दुसऱ्या वजनातून पहिले वजा केले की ट्रेलरचे एकूण वजन मिळते, आणि त्यातून तिसरे वजा केले की ड्रॉबारने मोटारीच्या बॉलवर (टो बारच्या टोकाच्या गोळ्यावर) किती भार टाकला आहे ते अंदाजे कळते. तिन्ही पावत्या जपून ठेवाव्यात.

‘अंदाजे’ म्हणण्याचे कारण असे की भुईकाटा टनांचा माल मोजण्यासाठी असतो. त्यावर पाच-दहा किलो इकडेतिकडे होणे साहजिक आहे, आणि बॉलवरील भाराच्या बाबतीत पाच-दहा किलोंनाच महत्त्व असते. तो भार घरच्या वजनाच्या साध्या काट्यावर मोजावा. सपाट जागेवर ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, कपलरखाली (ड्रॉबारच्या टोकाशी बॉलवर बसणाऱ्या खोबणीखाली) काटा ठेवून त्यावर एक मजबूत लाकडी दांडके उभे करावे, आणि जॉकी व्हील, म्हणजे ड्रॉबार वर-खाली करणारे पुढचे छोटे चाक, हळूहळू वर घेत कपलर त्या दांडक्यावर टेकवावा. दांडक्याची लांबी अशी असावी की कपलरची उंची मोटारीच्या बॉलएवढी राहील. ट्रेलर पुढे किंवा मागे कललेला असेल तर आकडा चुकतो.

हा भार किती असावा याविषयी दोन परंपरा आहेत. युरोपात ट्रेलरच्या एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के, तर अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के असावा असे मानतात. आपल्या बहुतेक मोटारींच्या बॉलवरील अनुज्ञेय भार मर्यादित असतो, म्हणून सहाशे किलोच्या ट्रेलरसाठी मी ४५ ते ६० किलो, म्हणजे साडेसात ते दहा टक्के, एवढा ठेवतो. मोटारीची किंवा टो बारची मर्यादा याहून कमी असेल तर ती पाळावी. भार फार कमी असला, म्हणजे शेपटाकडे वजन जास्त झाले, की ट्रेलर रस्त्यावर लहरू लागतो. भार फार जास्त झाला की मोटारीचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी पडतात, स्टिअरिंग सैल वाटते आणि रात्री हेडलाइट समोरच्यांच्या डोळ्यांत जातात. दोन्ही दोष वाईटच. तरीही मला विचाराल तर शेपूट जड असणे अधिक धोक्याचे आहे, कारण ठाण्याच्या आतल्या रस्त्यांवर ताशी चाळीसच्या वेगात ते जाणवतच नाही आणि महामार्गावर सत्तरचा वेग गाठल्यावर एकाएकी जाणवते.

सामान भरण्याची रीत यातूनच ठरते. बॅटरी, पाणी, हत्यारे यांसारख्या जड वस्तू ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत ठेवाव्यात. हलक्या वस्तू वर आणि टोकांना. मागच्या स्वयंपाकघरात डबे, भांडी, तांदूळ-डाळी भरण्याचा मोह होतो, कारण ती जागा त्यासाठीच केलेली दिसते. शिधा प्रवासात पुढच्या कप्प्यात ठेवावा आणि मुक्कामी पोहोचल्यावर मागे न्यावा. पाण्याची टाकी अर्धी भरून प्रवास करू नये. अर्ध्या टाकीतील पाणी प्रत्येक वळणावर हेलकावते. टाकी पूर्ण भरावी किंवा रिकामी न्यावी आणि मुक्कामाच्या गावी भरावी. मी रिकामीच नेतो.

जोडणी

जोडणीचा क्रम ठरवून घ्यावा आणि प्रत्येक वेळी तोच पाळावा. मध्येच कोणी बोलायला आले तर थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावलेले असताना मोटार मागे घेऊन बॉल कपलरच्या बरोबर खाली आणावा. बॉलचा व्यास आणि कपलरचे माप जुळते का, हे खरेदीच्या वेळीच पाहिलेले असावे. ५० मिलिमीटर हे माप सर्रास आढळते. जॉकी व्हीलने कपलर खाली सोडला की कुलूप बसल्याचा आवाज येतो, परंतु त्या आवाजावर विसंबू नये. जॉकी व्हील पुन्हा थोडे खाली फिरवावे. जोड पक्का असेल तर कपलर बॉलपासून सुटणार नाही, उलट मोटारीचा मागचा भाग बोटभर वर उचलला जाईल. ही परीक्षा अर्ध्या मिनिटात होते आणि ती कधीही टाळू नये.

त्यानंतर कुलपाची पिन घालावी. दोन्ही साखळ्या कपलरखालून एकमेकींना छेदून, म्हणजे डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे, अशा अडकवाव्यात. कपलर निसटलाच तर ड्रॉबार रस्त्यावर न आपटता त्या फुलीवर अडकतो. ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार मोटारीच्या पक्क्या भागाला अडकवावी, नुसती बॉलच्या मानेवर टाकू नये. शेवटी विजेचा सात पिनांचा प्लग जोडावा, जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन आवळावे, ट्रेलरचा हँडब्रेक सोडावा आणि ठोकळे काढून गाडीत टाकावेत. दुसऱ्या माणसाला मागे उभे करून दोन्ही इंडिकेटर, ब्रेकचे दिवे आणि मागचे दिवे तपासावेत. एक इंडिकेटर दिल्यावर सगळेच दिवे मंद लुकलुकू लागले तर बहुधा अर्थिंगचा दोष असतो. सात पिनांच्या रूढ जोडणीत ती पांढरी तार असते, तिचा स्क्रू आणि गंज पाहावा. आपल्या खारट हवेत हा दोष दर हंगामात एकदा तरी येतोच.

सोडवताना क्रम उलटा असतो, पण ठोकळे मात्र पहिल्यांदा लावायचे असतात. आमच्या दुसऱ्या सहलीत उतरत्या अंगणात मी आधी कपलर सोडला. ट्रेलर हातभर मागे सरकला आणि माझ्या आतेभावाच्या नडगीला ड्रॉबारचा मार बसला. सुदैवाने हाड वाचले. त्या दिवसापासून ठोकळे लावल्याचे दोघांनी पाहिल्याशिवाय आम्ही कपलरला हात लावत नाही.

सराव

पहिला सराव रिकाम्या ट्रेलरसह, रविवारी पहाटे करावा. उलवे किंवा द्रोणागिरीच्या बाजूला सिडकोने आखलेले रुंद अंतर्गत रस्ते आहेत; बाजूला कंटेनर उभे नसलेला, वर्दळ नसलेला रस्ता शोधावा. पाम बीच रस्ता रुंद असला तरी तेथे वाहने अतिशय वेगात असतात, म्हणून सरावासाठी तो टाळावा. घोडबंदर रस्त्याचा तर विचारही करू नये.

आधी नुसते पुढे जाणे शिकावे. ट्रेलरची चाके मोटारीच्या चाकांच्या मार्गावरून जात नाहीत. वळणात ती आतल्या बाजूने कापून जातात. आपण डावीकडून चालणारे लोक असल्यामुळे डावे वळण सर्वांत आवळ असते, आणि तेथेच ट्रेलरचे चाक फुटपाथच्या कडेवर चढते किंवा कोपऱ्यावर थांबलेल्या दुचाकीला लागते. उपाय एवढाच की मोटार कोपऱ्याच्या थोडी पुढे नेऊन मग वळवावी. उरण रस्त्यावरचे कंटेनरचालक हे कसे करतात ते एखादे दिवशी सुरक्षित जागी उभे राहून पाहावे. त्यांच्याइतके चांगले शिक्षक नवी मुंबईत दुसरे नाहीत, असे मी आदराने म्हणतो.

उलटे जाणे हा मात्र स्वतंत्र अभ्यास आहे. स्टिअरिंग डावीकडे फिरवले की ट्रेलरचे शेपूट उजवीकडे जाते, त्यामुळे वर्षानुवर्षांची सवय आड येते. यासाठी हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा; तळाशी धरलेला हात ज्या बाजूला सरकेल, त्याच बाजूला ट्रेलर जातो. हालचाल बारीक असावी आणि वेग माणसाच्या चालीपेक्षाही कमी. लांब ट्रेलर संथपणे वळतो, तर छोटा ट्रेलर क्षणात काटकोनात दुमडतो. म्हणून छोटा ट्रेलर उलटा नेणे सोपे असेल ही समजूत चुकीची आहे. कोन वाढू लागला की दुरुस्तीच्या नादात आणखी स्टिअरिंग न फिरवता थांबावे, पुढे जाऊन दोन्ही वाहने सरळ करावीत आणि पुन्हा प्रयत्न करावा. वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या उभ्या करून आधी वीस मीटर सरळ मागे जाण्याचा सराव करावा. तो जमला की उजवीकडे वळवून मागे नेण्याचा, कारण आपल्या गाडीत चालक उजवीकडे बसतो आणि खिडकीतून डोके काढून ट्रेलरची ती बाजू त्याला थेट दिसते. डावीकडची उलटी वळणे शेवटी शिकावीत. मागे उभ्या राहणाऱ्या व्यक्तीशी हातवारे आधी ठरवून घ्यावेत आणि ती व्यक्ती आरशात दिसेनाशी झाली की तत्क्षणी ब्रेक लावावा. शंका आली की उतरून पाहावे. यात कमीपणा मुळीच नाही.

आरसे अपुरे पडत असतील तर बाहेर येणारे जोड आरसे लावावेत. मोटारीचा आतला आरसा ट्रेलरने व्यापलेला असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या आरशांत ट्रेलरच्या कडा आणि मागचा रस्ता दोन्ही दिसले पाहिजेत.

रस्त्यावर

पहिल्या सहलीसाठी घाट नसलेली वाट निवडावी. ठाणेकरांना नाशिक महामार्गाने शहापूरपर्यंत जाता येते; कसारा घाट त्याच्या पुढे लागतो. नवी मुंबईकरांना पनवेलहून गोवा महामार्गाने कर्नाळ्याची छोटी खिंड ओलांडून पेणकडे जाता येते, किंवा जुन्या पुणे रस्त्याने चौकपर्यंत, म्हणजे बोरघाटाच्या बरेच अलीकडे थांबता येते. नेरळहून माथेरानकडे चढणारा रस्ता आणि पावसाळी माळशेज, दोन्ही पहिल्या वर्षी वगळावेत.

मी महामार्गावर ताशी साठ ते सत्तर किलोमीटरच्या वर जात नाही. जर्मनीसारख्या उत्तम रस्त्यांच्या देशातही ट्रेलर जोडलेल्या मोटारीसाठी सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटरच आहे, हे लक्षात घेतले की हा वेग कमी वाटत नाही. पुढच्या वाहनापासूनचे अंतर नेहमीच्या दुप्पट ठेवावे. खड्डा चुकवण्यासाठी झटकन स्टिअरिंग मारण्याची आपली सवय ट्रेलर जोडल्यावर सोडावी लागते; वेग आधीच कमी करावा आणि खड्ड्यातून सरळ जावे.

मोठी बस किंवा मालट्रक बाजूने वेगात गेला की हवेचा झोत ट्रेलरला आधी ढकलतो आणि मग ओढतो. खाडीवरच्या पुलांवर आडवा वारा असतो. ऐरोलीच्या आणि वाशीच्या पुलावर तो थोडा वेळ सोसावा लागतो, पण अटल सेतूच्या २१.८ किलोमीटरपैकी सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून जातात, तेथे वाऱ्याच्या दिवशी ट्रेलर न नेणे बरे. ट्रेलर लहरू लागलाच तर जोरात ब्रेक लावू नये आणि वेग वाढवून तो ‘ताणून सरळ’ करण्याचाही प्रयत्न करू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा, स्टिअरिंग सरळ आणि स्थिर धरावे, ट्रेलरच्या प्रत्येक झोक्याला उलट उत्तर देऊ नये. वेग उतरला की लहर आपोआप मरते. मग सुरक्षित जागी थांबून सामान पुढे घ्यावे; नुसता वेग कमी ठेवून तसाच प्रवास पुढे चालू ठेवू नये.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरावे. येथे ओव्हररन ब्रेकची एक मर्यादा समजून घ्यावी: इंजिनाने मोटार रोखून धरली की ट्रेलर सतत पुढे रेटत राहतो, त्यामुळे लांब उतारावर त्याचे ब्रेक थोडे लागलेलेच राहतात आणि तापतात. घाटात थांबण्यासाठी राखलेली जागा मिळाली की दहा मिनिटे थांबावे. जळका वास येत असेल तर पूर्ण गार होईपर्यंत थांबावे, आणि तापलेल्या चाकावर पाणी ओतू नये.

सपाट रस्त्यावरही पहिल्या तीस किलोमीटरनंतर थांबून दोन्ही चाकांच्या हबजवळ हात नेऊन पाहावा. दोन्ही सारखेच कोमट असतील तर ठीक. एक कोमट आणि दुसरा हात न लावण्याइतका गरम असेल तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक हे कारण असते. नव्याने बसवलेल्या चाकांचे नट पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. ट्रेलरच्या टायरवर झीज कमी दिसते, पण उभे राहून रबर म्हातारे होते. टायरच्या बाजूवर असलेल्या चार अंकांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी चांगली असली तरी बदलावा. ट्रेलरचे स्वतंत्र सुटे चाक, त्याच्या नटांना बसणारा पाना आणि ट्रेलरखाली मावणारा जॅक निघण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष लावून पाहावा, कारण मोटारीचा पाना आणि जॅक ट्रेलरला बसेलच असे नाही.

मुक्काम

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी धोरण मंजूर केले. तरीही मुक्कामाची जागा फोनवर आधी ठरवल्याशिवाय निघू नये. कृषी पर्यटन केंद्रांचे मालक सहसा आनंदाने जागा देतात. त्यांना फाटकाची रुंदी, आत वळायला जागा, वर झुकलेल्या फांद्या आणि विजेच्या तारा यांविषयी विचारावे. कर्नाळा, तानसा किंवा फणसाड अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय रात्र काढू नये. समुद्रकिनारी गेल्यास पुळणीवर मोटार आणि ट्रेलर नेऊ नयेत. ओली वाळू घट्ट दिसते, पण ट्रेलरची चाके रुतली की मोटारही रुतते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्या किनाऱ्यावर पाणी चार-साडेचार मीटरही चढते.

जागेवर पोहोचल्यावर ट्रेलर आधी आडवा समतल करावा, म्हणजे खालच्या बाजूच्या चाकाखाली फळी घालून त्यावर चढवावा. मग ठोकळे लावून, कपलर सोडून जॉकी व्हीलने पुढचा-मागचा समतोल साधावा. कोपऱ्यांचे पाय सर्वांत शेवटी टेकवावेत. ते ट्रेलर स्थिर ठेवण्यासाठी असतात, वजन उचलण्यासाठी नव्हे.

विजेचा हिशेबही वजनासारखाच मांडावा. बारा व्होल्टचा पंखा दोन अँपिअर घेतो, आठ तासांचे सोळा अँपिअर-तास झाले. दिव्यांचे चार, फोनचे पाच. रात्रीला पंचवीस धरले तर शंभराच्या लेड-ॲसिड बॅटरीतून, ती निम्म्याखाली न उतरवता, दोन रात्री निघतात. नऊशे वॅटचा छोटा एसी सतत चालला तर तीच शक्ती पाऊण तासाच्या आत संपते, म्हणून बॅटरीवर एसीचा विचार सोडावा आणि सहली नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कराव्यात. स्वयंपाक बाहेर मांडवात करावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो तळाशी साचतो, म्हणून तळाला हवेसाठी छिद्रे असावीत, आणि प्रवासात सिलिंडर उभा बांधून त्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन झोपू नये. तिच्या वायूला वास नसतो आणि त्याने जीव जातो.

परतल्यावर आणि पावसाळ्यात

ट्रेलर घेण्यापूर्वीच तो ठेवण्याची जागा ठरवावी. सोसायटीच्या स्टिल्टची उंची, ड्रॉबार धरून ट्रेलरची लांबी आणि समितीची लेखी संमती या तिन्ही गोष्टी लागतात. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत हे जमले नाही, म्हणून आमचा ट्रेलर पनवेलजवळ मामेबहिणीच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली राहतो. चांगल्या कुलपाशिवाय आणि एक चाक साखळीने बांधल्याशिवाय तो तेथेही ठेवत नाही.

किनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवावा, विशेषतः स्प्रिंगा, ब्रेकच्या तारा आणि कपलर. वर्षातून एकदा बेअरिंग उघडून नवे ग्रीस भरावे. आम्ही ते मे महिन्याच्या अखेरीस करतो, म्हणजे पावसाची ओल आत शिरत नाही. त्याच वेळी गादी आणि पडदे घरी आणावेत, बॅटरी काढून दर महिन्याला चार्ज करावी, पाण्याची टाकी रिकामी करून झाकण उघडे ठेवावे, आणि वरच्या झरोक्याला जाळी लावून हवा खेळती ठेवावी. बंद ट्रेलरमध्ये जुलैअखेरपर्यंत बुरशी धरते. चाके फळ्यांवर घ्यावीत, ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक सोडून ठेवावा, कारण चार महिने ओढून ठेवलेला ब्रेक ड्रमला चिकटतो. दसऱ्याच्या सुमारास टायरमधील हवा, दिवे, तार आणि पिन पाहून ट्रेलर पुन्हा भरावा आणि पहिल्या सहलीपूर्वी एकदा काट्यावर न्यावा.